आईच्या मनगटावरचा भाऊ

चष्म्याच्या दुकानात पुढे आरसे असतात, दिवे असतात, "तुम्हाला हाच रंग खुलतो" असं प्रत्येकाला सांगणाऱ्या गोड मुली असतात. ती मागे असायची. पडद्याआडच्या खोलीत एक खिडकी, एक नळ आणि लेन्स घासायचं मशीन. पुढे गिऱ्हाइकानं फ्रेम पसंत केली की ट्रेमधून काचा मागे यायच्या. काचेच्या मध्यावर ती शाईचा बारीक ठिपका द्यायची, काच घासून फ्रेमच्या मापाची करायची आणि हलक्या हातानं बसवायची. ठिपका जरा सरकला तरी घालणाऱ्याचं डोकं धरतं, म्हणून ह्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

"अर्ध्या मिलिमीटरनं काय आभाळ कोसळतं का?" काउंटरवरच्या एका मुलीनं एकदा विचारलं होतं.

"कोसळत नाही. तिरकं दिसतं."

तेव्हापासून दुकानात तिचं नाव पडलं, मिलिमीटर.

घरी तेवढंही नाव नव्हतं. धाकटा भाऊ ताई म्हणायचा, पण तो राहायचा देशाच्या दुसऱ्या टोकाला. आई नुसतं 'अगं' म्हणायची. अगं, पाणी दे. अगं, खिडकी लाव, वारं लागतंय. भावाला मात्र बाळ. बाळाचे कल्ले पांढरे झाले होते, ऑफिसात लोक त्याला बघून उभे राहायचे, तरी तो बाळच. तिचं लग्न राहून गेलं. 'राहून गेलं' हे तिचेच शब्द. एखादी बस चुकावी आणि दुसरी मिळेल म्हणून थांबून राहावं, आणि मग कुणीतरी सांगावं की ह्या रस्त्यानं बस येणं बंद झालंय, अशा सुरात ती ते सांगायची.

आई तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानावर हेडफोन, समोर भोकांचा मोठा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी. ह्याची वायर त्याच्या भोकात खुपसली की नवरा बायकोशी बोलायचा, व्यापारी गोदामाशी, पळून गेलेली मुलगी घरच्यांशी. निम्म्या शहराचं रडणं-हसणं तिच्या बोटांतून गेलं होतं. नोकरी सुटून जमाना झाला, पण दोन सवयी सुटल्या नाहीत. फोन उचलला की "चालू आहे, बोला." आणि बोलणं संपलं तरी फोन बंद करायचा नाही. "ऑपरेटरनं लाईन तोडायची नसते," ती म्हणायची. "समोरचा ठेवेल तेव्हा ठेवेल." समोरचाही विसरला की फोन खुर्चीच्या हातावर तसाच जिवंत पडून राहायचा, आणि दुकानात बसलेल्या लेकीच्या कानात घरातला नळ गळत राहायचा.

तर, ह्या मिलिमीटरबाईंना एक दिवस मालकांनी केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, बसा. आपण शहराच्या त्या टोकाला नवीन वर्कशॉप काढतोय. आपल्या सगळ्या दुकानांच्या काचा तिथे बनणार. मोठी मशीनं, चार-पाच माणसं. मला वाटतं, ते तुम्ही सांभाळावं."

"मी?"

"नाही तर कोण? इथं बाकी सगळे विकायला बसलेत. काच फक्त तुम्हाला कळते."

मान खाली घालून काम करणाऱ्या माणसाला कुणी असं एकदम समोरून काही देऊ केलं की आनंद होण्याआधी भीती वाटते. तिला तसंच झालं. दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. दुपारी ती घरी जायची, आईला जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, परत यायची. नवं वर्कशॉप बसनं तासभर लांब. सकाळी गेलं की संध्याकाळीच परत.

"आई एकटी असते हो."

"महिनाअखेरपर्यंत सांगा," मालक म्हणाले. "त्यापुढे मला थांबता येणार नाही."

तिनं भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, "ताई, तू अजिबात काळजी करू नकोस, मी आहे ना." आणि खरंच, शनिवारी तो उगवला. तीन वर्षांत पहिल्यांदा. आईनं सकाळपासून केस तीनदा विंचरले. त्यानं सोफ्यावर बसून खोक्यातून एक काळं चकचकीत घड्याळ काढलं, ते आपल्या फोनला जोडलं, आणि आईच्या मनगटावर बांधलं.

"आई, हे नुसतं घड्याळ नाही. ह्याच्या पोटात सिम आहे. ह्याला स्वतःचा नंबर आहे. जवळ फोन नसला तरी बोलता येतं. इथं दाबलं की मी."

"तू?"

"मी. हा बघ माझा फोटो."

आईनं मनगट नाकाशी नेलं. "वाळलास रे."

"फोटो लहान आहे, आई. आणि ऐक, तू पडलीस तर ह्याला आपोआप कळतं. आधी ते तुला विचारतं, लागलं का? तू काही केलं नाहीस तर सरळ मला फोन लावतं."

"तुला?" ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तू येईपर्यंत इथं दिवस मावळून परत उगवेल. मला का नाही लावत?"

"ताई, घड्याळ एकाच फोनला जोडता येतं. तुझा तो फोन... चालतो ना अजून?"

"निदान माझा नंबर तरी घाल त्यात."

"घालू गं नंतर. तुला कशाला आणखी ताप? तू आता मोकळी. मी बघतो सगळं."

आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं तो सगळं बघायला परत गेला. नंबर घालायचा राहून गेला.

आई ते घड्याळ मिरवू लागली. वरच्या मजल्यावरची शेजारीण दुपारी चहाला आली की आई बाही मागे सारून बसायची. "बाळ आहे हो इथे," मनगटावर टिचकी मारून ती सांगायची. चार्जिंगला लावायचं काम अर्थात 'अगं'कडे. रोज सकाळी आईची आंघोळ होऊन घड्याळ परत मनगटावर गेलं की आई विचारायची, "भरलंस ना गं बाळाला?"

पुढच्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती. मिक्सर फिरत होता. ओट्यावरचा फोन थरथरला. भाऊ.

"ताई, कुठेयस?"

"स्वयंपाकघरात. का?"

"अगं, आई पडलीये!"

"कुठे?"

"बाथरूममध्ये!"

"कुणाच्या?"

"तुमच्या! तुझ्या! अगं, पळ की!"

ती पळाली. आई टबाजवळ फरशीवर बसली होती, पाय पसरून, गाऊन नीट गुडघ्यांखाली ओढून. कुठे खरचटलेलं नव्हतं. मनगट तिनं कानाशी धरलं होतं. "बाळ, आली बघ ही," आई घड्याळाला म्हणाली. "हो, आत्ता आली. तू निघतोयस का?"

तो निघाला नाही. पण पुढचे कितीतरी दिवस वरच्या शेजारणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना गोष्ट कळली ती अशी, की आई पडली आणि बाळानं वाचवलं. एवढ्या लांबून. घरात ही होती, पण हिला पत्ता नाही! ताई मूग गिळून बसली. घरातल्या घरात आई पडल्याची बातमी आपल्याला देशाच्या दुसऱ्या टोकाहून यावी, हे कुणाला सांगून तरी काय सांगणार?

महिनाअखेर जवळ आली. मालकांनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा नुसतं बघितलं. ती आज होकार देणार, उद्या देणार, तेवढ्यात भावानं नवा फोन घेतला. जुना दुकानात देऊन टाकला, आणि देताना घड्याळ त्यापासून सोडवावं लागलं. त्यासरशी इकडे आईच्या मनगटावरचं घड्याळ कोरं झालं. फोटो गेला, वेळ गेली. काळ्या काचेवर एकच ओळ: घड्याळ फोनजवळ आणा.

"पाच मिनिटांचं काम आहे, ताई," भाऊ फोनवर म्हणाला. "इथून मला नाही करता येणार, घड्याळ फोनच्या शेजारी असावं लागतं. तू तुझ्याच फोनला जोडून टाक. मी कंपनीत बोलून ठेवतो, सिम चालू होईल."

आई कान टवकारून ऐकत होती.

"शेजारी असावं लागतं म्हणाला?"

"हो."

"म्हणजे जोडायचं तर त्याला इथं यावं लागेल."

"तो नाही येत, आई. मी जोडते माझ्या फोनला."

"नको."

"का?"

"असू दे. त्याचं आहे, तो जोडेल."

"अगं, तोवर त्याचा उपयोग काय? नुसती काळी काच बांधून बसणार?"

"मला घाई नाही."

"मला आहे!" तिचा आवाज चढला. "मला मालकांना उत्तर द्यायचंय."

आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. "तुझ्या फोनला जोडून काय करायचं? तू तर घरातच असतेस."

चार्जर दुसऱ्या दिवशी जागेवर नव्हता. तिनं घर पालथं घातलं. तो आईच्या उशीच्या अभ्र्यात सापडला. सापडला तेव्हा तिला हसू आलं, आणि मग हसू आल्याची लाज वाटली. तरुणपणी परक्यांच्या वायरी जोडून दिलेल्या बाईनं आपली एक वायर लपवून ठेवली होती, मुलगा येईल म्हणून.

पण महिना संपायला दोनच दिवस होते. दुपारी आईचा डोळा लागल्यावर तिनं अलगद ते घड्याळ सोडवलं. बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसली. घड्याळाच्या काचेवर निळ्या ठिपक्यांचा ढग भिरभिरू लागला, आणि फोननं सांगितलं, हा ढग चौकटीच्या बरोबर मधोमध धरा. इथे मात्र तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मध्य साधायचा, हात हलू द्यायचा नाही. जन्म गेला त्यात. ढग एका दमात ओळखला गेला. मग प्रश्न सुरू झाले. घड्याळ कुणासाठी? कुटुंबातल्या व्यक्तीसाठी. नातं? आई. पडल्यास फोन कुणाला जावा? तिनं स्वतःचा नंबर घातला. आणखी कुणाला निरोप पाठवायचा? तिनं भावाचा नंबर घातला. तिच्या मनात तेवढा मोठेपणा होता. फोटोसुद्धा तिनं त्याचाच लावला, कोपऱ्यात, आईला सापडेल असा. थोड्या वेळानं घड्याळाच्या कडेला हिरव्या रेघा उमटल्या. सिम लागलं.

कितीतरी दिवसांत तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं. आई आता माझ्याशी जोडलेली आहे, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि बघायला कुणी नसूनही ती लाजली.

आई उठली, मनगट बघितलं. "जोडलंस."

"जोडलं. बघ, बाळाचा फोटो पण आहे. पडलीस तर त्यालाही निरोप जातो."

आईनं फोटोवरून बोट फिरवलं. घड्याळ काढून फेकेल असं वाटलं होतं, ते तिनं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून तिनं खात्री करायला घड्याळावर फोन लावला. हात कामात म्हणून फोन तिच्या कानातल्या इअरफोनच्या बोंडातच असायचा.

"चालू आहे, बोला."

"आई, मीच. ऐकू येतंय ना नीट?"

"येतंय. ठेव."

ती ठेवणार होती. पण मशीनवर काच चढली होती, दोन्ही हात ओले होते. आणि आईनं आपल्या सवयीनं लाईन तोडली नाही. दार उघडल्याचा आवाज आला. वरची शेजारीण.

"काय म्हणतोय पाय?"

"पायाला काय धाड भरलीये?"

"अहो, पडला होतात ना?"

"पडते कुठली!" आई म्हणाली. "खाली बसले आणि हात आपटला टबाच्या काठावर. मग ते कोकलायला लागलं, लागलं का, लागलं का? मी गप्प."

"अगं बाई! ते कशाला?"

"म्हटलं, बाळाला फोन गेला की निघेल."

"मग?"

"मग काय! त्यानं हिला फोन केला. स्वयंपाकघरात."

दोघी हसल्या. आई आधी थांबली.

"आता ही म्हणते लांबच्या वर्कशॉपात जाते. साहेबीण होणार."

"होऊ दे की हो. जन्मभर मागच्या खोलीत बसली बिचारी."

"आणि मी?"

"घड्याळ आहे ना तुम्हाला."

"ते आता हिच्या फोनला आहे. बघू. जाऊ दे दोन दिवस. मग पडेन एकदा."

"अहो, आणि ती नाही आली तर?"

"ती काय बाळ आहे, न यायला? ती येते धावत."

मशीनमध्ये काच कडकन वाजली. कडेचा टवका उडाला. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या हातून काच गेली नव्हती. तिनं हात पुसले, कानातलं बोंड काढलं, आणि लाईन तोडली. मग पडदा सारून, सगळ्या आरशांमधून स्वतःला जाताना बघत, ती केबिनमध्ये गेली.

"सोमवारपासून जाते मी तिकडे."

"आईचं काय ठरलं?" मालकांनी विचारलं.

"आईला घड्याळ आहे."

नव्या वर्कशॉपला मोठ्या खिडक्या होत्या. पडदा नव्हता. हाताखालच्या माणसांनी पहिल्या दिवशी तिला "मॅडम" म्हटलं, तर तिनं मागे वळून बघितलं की कुणाला. तिसऱ्या दिवशी, चांगली उन्हं वर आलेली असताना, तिचा फोन वाजला. काचेवर लाल अक्षरं: आई पडल्याचं दिसतंय.

माहीत असूनही तिनं खुंटीवरची बॅग ओढली. हाच तिचा पुढे कधी न गेलेला राग. ऐकलं होतं, समजलं होतं, तरी पायांनी दाराची वाट धरली होती. बॅग खांद्याला लावून तिनं फोन उचलला.

"आई?"

उत्तर नाही. पाणी उकळत होतं. झाकण वाजलं. मग चमचा कपात फिरू लागला, सावकाश, गोल, मजेत.

ती दारातच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "साखर एकच घाल."

चमचा थांबला. लाईन अर्थात आईनं तोडली नाही. ह्याही वेळी तिनंच तोडली, बॅग खुंटीला परत लावली. तोच भावाचा फोन.

"ताई! निरोप आलाय, आई पडली म्हणून! तू आहेस ना घरी?"

"कामावर आहे."

"मग निघ की! बोलत काय उभी राहिलीस?"

"तू निघ."

"मी? डोकं ठिकाणावर आहे का? मी पोचेपर्यंत उद्या उजाडेल!"

"उद्या उजाडलेलं चालेल तिला. तिनं तुलाच बोलावलंय."

"म्हणजे? नीट सांग. आई पडलीये ना?"

"नाही. चहा करतेय. तू येशील म्हणून पडली."

तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं मोठ्ठा श्वास सोडला. तो ऐकून तिला क्षणभर वाटलं, आता तो रडेल.

"हुश्श," भाऊ म्हणाला. "पडली नाहीये ना? मग ठीक आहे. केवढा घाबरलो! ठेवू मग? मीटिंगमधून उठून आलोय."

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई बाहेरच्या खोलीत बसली होती. चांगला स्वेटर, केस विंचरलेले. दाराशी चाहूल लागताच तिची मान वर झाली, आणि खाली गेली.

"तू होय."

"मी."

"फोन आला होता बाळाचा. सांगितलंस तू त्याला, चहा करत होते म्हणून."

"हो."

"नसतं सांगितलं तर?"

तिनं चपला काढल्या. खोटं बोलणं सोपं होतं, आणि आज तरी तिनं ते बोलायला हवं होतं, असं तिला नंतर वाटलं. पण ती मिलिमीटर होती.

"तर मलाच फोन करत बसला असता."

आईनं मनगट पुढे केलं. तिनं पट्टा सोडवला. चामडीवर पट्ट्याचा लाल वळ उठला होता; तो तिनं अंगठ्यानं चोळला, सवयीनं, आणि मध्येच हात काढून घेतला. घड्याळ चार्जरवर ठेवलं. काचेच्या कोपऱ्यात भाऊ हसत होता.

"उद्या परत पडणार असशील," ती पाठमोरी म्हणाली, "तर सकाळीच पड. दुपारी सगळी मशीनं चालू असतात. मला ऐकू येत नाही."

स्वेटरची बटणं आईनं एकेक करून काढली, घडी घातली, घडीवर हात फिरवला.

"सकाळी नको," आई म्हणाली. "सकाळी बाळाच्या मीटिंगा असतात."